उलटे पोपट

“यात अजून काय मावणार आहे गं?” थोरलीनं दारातूनच विचारलं. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून आवाज बोचरा आला असं म्हणायला जागा होती.

“मावेल हो ताई! या सजावटीच्या पद्धतीत ‘जास्त’ असं काही नसतंच,” धाकटी जाऊ शिडीवरून म्हणाली आणि तिनं एकोणिसावी बशी भिंतीवर टांगली.

भिंती गर्द हिरव्या. लाल मखमली कोच, झालरीचे दिवे, बंद पडलेली तीन घड्याळं, आणि जुन्या बाजारातून विकत आणलेले कुणाकुणाच्या आजोबांचे फोटो. स्वतःचा सासरा माळ्यावर धूळ खातोय आणि परक्याचा आजोबा सोनेरी चौकटीत मिशीला पीळ देतोय!

खोली सासूबाईंची. अकरा वर्षं त्या इथं अंथरुणाला खिळून होत्या आणि अकरा वर्षं त्यांची उशाजवळची घंटी वाजली की थोरलीनं धावत येऊन त्यांची कूस बदलली, पाठ पुसली, भांडं धरलं. तेव्हा धाकटीला या खोलीत वास यायचा. सासूबाई गेल्या आणि महिन्याच्या आत वासही गेला. थोरलीला ही खोली शिलाई मशीनसाठी हवी होती. ती स्वयंपाकघरामागच्या बोळात बसून शिवायची. कुणी फ्रिज उघडला की उठून वाट द्यावी लागायची. मागू मागू म्हणेपर्यंत धाकटीनं रंगाचे डबे आणले. वर म्हणाली, “तुमचं बरं आहे ताई, तुम्ही कुठंही बसून शिवता.”

आणि पडद्यांचं, पोपट छापलेलं कापड तिच्याच मांडीवर आणून टाकलं.

बावीस वर्षं थोरली एका दुकानासाठी पडदे शिवत होती. पोपटांचं कापड म्हणजे दिशेचं कापड. त्याला वर-खाली असतं, प्रत्येक पोपटाचं डोकं वरच यायला हवं. शिकाऊ बाईसुद्धा पहिल्या आठवड्यात एवढं शिकते. थोरलीनं डावा पडदा सुलटा शिवला. उजव्यापाशी तिचा हात थांबला. मग तिनं कापड गरकन फिरवलं आणि खालच्या कडेला चुण्या घातल्या. झाडून सगळे पोपट खाली डोकं, वर पाय.

लोक म्हणतात, मत्सर वाईट. बोळात बसून दुसरीची खोली शिवून बघा, मग बोला.

रविवारी धाकटीच्या मैत्रिणी खोली बघायला आल्या. थोरली स्वयंपाकघरात चहा गाळत होती. जीव सगळा कानात.

“अगंबाई, हे पोपट उलटे कसे?”

गाळणं जागच्या जागी थांबलं.

“पोपट लटकतातच की असे!” धाकटी खिदळली. “आधी वाटलं चूक झाली. पण बघ ना, काय उठून दिसतंय! आमच्या ताईंची नजरच वेगळी.”

“धाडसी आहेत हं तुझ्या जाऊबाई!”

घ्या! कौतुकही वर माझंच! थोरलीच्या अंगाची लाही झाली. त्या खोलीत वाईट दिसायची सोयच नव्हती. हिच्या भिंतीवर शेण मारलं असतं तरी हिनं त्याला चौकट केली असती.

तेवढ्यात घंटी वाजली.

“आले, आई!”

गाळणं टाकून थोरली धावली. दारात पोचली तेव्हा कूस बदलायला दोन्ही ओले हात पुढे झालेले, आणि समोर लाल मखमली कोच. कोचावर एक मैत्रीण, तिच्या हातात सासूबाईंची लाकडी मुठीची घंटी. मुठीला जांभळी रिबीन.

कुणीतरी फिस्सकन हसलं. “बाई गं, काय सेवा आहे तुमच्याकडे!”

“ताई, ती… माळ्यावर सापडली, म्हटलं भिंतीवर…” धाकटीचा आवाज विझला.

थोरली सरळ कोचावर चढली आणि तिनं उजवा पडदा काढायला घेतला.

“राहू द्या ना, छान दिसतोय.”

“छान नाही, उलटा आहे. ही खोली मला हवी होती, म्हणून मी मुद्दाम केला. बावीस वर्षांतला पहिला.” पडदा तिच्या खांद्यावर आला. “उसवून सुलटा करून देते. माझं काम असं नसतं.”



“ताई, खोली हवी होती तर एक हाक मारायची होती!”

“ही वाजायची तेव्हा तुला ऐकू यायचं का?” थोरलीनं मैत्रिणीपुढं हात पसरला. “द्या इकडं. भिंतीवरची नाही ती.”

बोळात येऊन तिनं रिबीन सोडली आणि घंटी मशीनच्या फळीवर ठेवली. वरच्या चुण्या उसवल्या, कापड फिरवलं आणि मशीनचं पायडल हलवलं. फळी थरथरली, घंटी किणकिणली. पाय उठायला निघालेच होते; तिनं ते पायडलवर दाबून धरले.

मग पुन्हा मशीन चालू केली. घंटी वाजत राहिली, ती शिवत राहिली.