टाकीसकट

अलास्कातल्या आमच्या गावाच्या दिनदर्शिकेचे मुखपृष्ठ मला हवे होते, हे मी नाकारत नाही. दर हिवाळ्यात मी फोटो पाठवत असे आणि तो आतल्या पानावर जाई. या वेळी दिनदर्शिका काढणाऱ्या रोबर्टाने मला गावाच्या सभागृहात बोलावले. टेबलावर माझ्याच परसातला ध्रुवप्रकाश होता: हिरवा पट्टा, त्याची गुलाबी किनार आणि खाली घर तापवायच्या तेलाची गंजलेली टाकी.

“मुखपृष्ठ तुझंच, व्हेल्मा. फक्त ती टाकी पुसून दे.”

“का?”

“अगं बाई, वर स्वर्ग उतरलाय आणि खाली तुझं ते डबडं.”

“त्या डबड्यामुळे मी हिवाळा काढते. स्वर्गातून अजून तेल आलेलं नाही.”

“लोकांना आकाश बघायचंय.”

“आकाश सगळ्या अलास्कावर आहे. टाकी पुसली, तर फोटो माझ्या घरून काढलाय हे कशावरून?”

तिने गावातल्याच क्लिफर्डने पाठवलेला ध्रुवप्रकाशाचा फोटो पुढे सरकवला. “हा बघ, शहाण्यासारखा विजेच्या तारा पुसून आलाय.”

मी तो नीट पाहिला. तारा नव्हत्या; घरांच्या खिडक्यांत दिवे मात्र लागलेले होते. ते कशावर चालतात, असे मी विचारले.

“तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही,” रोबर्टा म्हणाली.

मुखपृष्ठ क्लिफर्डला गेले. पुढच्या निरभ्र रात्री मी कॅमेऱ्याची तिकाटी थोडी मागे घेतली, तेव्हा टाकीबरोबर बंद पडलेली बर्फगाडी आणि परसातला संडासही चौकटीत आला. तो फोटो मी रोबर्टालाच पाठवला आहे.