ब्रेकमध्ये कळवलेलं मरण

"जान्हवी, पोरगा नंतर बघ, आधी त्या घरातला टीव्ही बघ," असं माझं लग्न ठरताना आत्या म्हणाली होती. "पाहुणे आले तरी ज्या घरातला टीव्ही बंद होत नाही, तिथं माणसाचं बोलणं कुणाच्या कानावर पडत नाही." मी हसले. म्हटलं, आत्या, मी एम.एस्सी. आहे, रिमोट चालवता येतो मला.

येतो, पण तो हातात मिळायला हवा ना! जवळा बाजार या गावातल्या आमच्या घरात रिमोट सासूबाईंच्या मांडीखाली असतो. गाव त्यांना सुधाकाकू म्हणतं. सासरे विष्णुपंत देवळातली पूजा उरकून घरी येतात आणि त्यांना जेवायला वाढायचं तेही जाहिराती लागल्यावर. नवरा विश्वजीत वसमतला एका ऑफिसात कारकून आहे, तो घरी येतो तेव्हा टीव्ही चालूच असतो, म्हणून त्याला वाटतं घरात सगळं शांत आहे. आणि माझा अद्वैत. तीन महिन्यांचं लेकरू, गाण्याच्या स्पर्धेतल्या टाळ्यांनी दचकून उठतं.

त्या स्पर्धेचं नाव 'सूर माझा भारी'. मला तिचा इतका राग आहे की मी तिचा एकही भाग चुकवला नाही. तीन परीक्षक. एक रडतो, एक उभा राहतो, आणि तिसरी म्हणते, "माझ्याकडे शब्दच नाहीत," आणि मग जाहिरात लागेपर्यंत बोलत बसते. गाणं दोन कडव्यांचं असतं, त्याच्या आधीचं दुःख मात्र चांगलं लांबलचक. गायकाच्या घरी कॅमेरा जातो. ओट्यावर गॅस असला तरी आईला चुलीपुढे फुंकणी घेऊन बसवतात. बाप जिवंत असेल तर पोरगं थोडं मागे पडतं. आणि दर रविवारी एकाला बाहेर काढतात. मग बाकीचे त्याच्या गळ्यात पडून हुंदके देतात, तो गेला म्हणून आपण वाचलो हे सगळ्यांना ठाऊक असताना.

सासूबाई सोफ्यावर बसून या लोकांच्या न्यायाधीश होतात. "हिच्या आवाजात संस्कार नाहीत," असं त्या एका पोरीबद्दल म्हणाल्या होत्या. वरण उतू चाललं होतं, तरी मी ऐकून घेतलं.

आणि हे कमी पडतं म्हणून आमच्याकडे हरीश आहे. हरीशचं मोबाइलवरचं चॅनल, 'औंढा-बाळापूर धडाका'. एक फोन, एक माइक, आणि लाज अजिबात नाही. 'शेळीने खाल्ली ग्रामपंचायतीची नोटीस.' 'भोपळ्यात दिसले गणराय, भाजी करायची की आरती, कुटुंब संभ्रमात.' 'नवरदेव घोड्यावरून उतरून पाणीपुरीच्या गाड्यावर.' अपघात असो की भोपळा, मागे एकच संगीत, धडाम धडाम. आमच्या गल्लीत हरीशचा फोन वर गेला की मी पदर नीट करते आणि अद्वैतला आत नेते. न जाणो, उद्या 'दात नसलेलं बाळ सापडलं' म्हणून बातमी करायचा.

आता भिकाबाईंबद्दल सांगते. सगळं त्यांच्याचसाठी चाललंय.

भिकाबाई लेकरांना न्हाऊ घालतात. गावातल्या अर्ध्या टाळवांवर त्यांनी तेल जिरवलंय. माझं आणि त्यांचं एक दिवसही पटलं नाही. त्या पाटावर पाय पसरून बसायच्या, अद्वैतला पायांवर पालथा घालायच्या आणि कणीक तिंबावी तसं रगडायच्या. मी मोरीच्या दारात उभी.

"कानात तेल नका घालू. डॉक्टर नको म्हणतात."

"त्या डाक्टरच्या कानात बी मीच घातलं व्हतं."

"नाकात फुंकू नका!"

"सुनबाई, तुमी काहून इथं उभ्या राहून राहिल्या? पोलीस हाव का?"

मग मी आणखी पुढे सरकून उभी राहायची. तेल नाकाकानात घालू दिलं नाही, पण हेही खरं, की त्यांनी न्हाऊ घातल्यावर तो जसा झोपायचा तसा एरवी झोपत नाही. एकट्या राहायच्या, देवळामागच्या खोलीत. घरी टीव्ही नाही, म्हणून संध्याकाळी आमच्याकडे उंबऱ्याशी येऊन बसायच्या आणि सासूबाईंच्या बरोबरीने न्यायनिवाडा करायच्या.

'सूर माझा भारी'चा शेवटचा भाग ज्या रविवारी होता, त्याच दुपारी हापशावर भिकाबाईंच्या डोक्याला कावळा शिवला. संध्याकाळी त्या आल्या त्या पडक्या चेहऱ्यानं.

बाहेरचं कुणी वाचत असेल तर सांगते. डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरण जवळ आलं, असं आमच्याकडे मानतात. त्याच्यावर उतारा ठरलेला. त्या माणसाच्या नातेवाइकाला मरणाचा खोटा निरोप धाडायचा. तिकडे रडारड झाली की आलेलं मरण त्या रडण्यावरच भागतं आणि परत जातं. मग लगोलग खरं सांगायचं. पूर्वी निरोप्या स्वतः जायचा, दारात रडणं ऐकायचा, तिथेच खरं सांगायचा, शिव्या खायचा आणि चहा पिऊन परत यायचा. आता आपल्याकडे फोन आहे.

"असं काही नसतं," मी म्हटलं. "हापशावर कुणाच्या हातात खायचं काही असेल, त्यावर झेपावला असेल कावळा."

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. "सुरू व्हायच्या आत उरकू."

पण सुरू झालं होतं. म्हणून पहिल्या ब्रेकची वाट बघितली. साबणाची जाहिरात लागल्याबरोबर सासूबाईंनी भिकाबाईंच्या भाच्याला, आखाडा बाळापूरच्या वैजनाथला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वैजनाथा, मन घट्ट कर रे बाबा. तुझी मावशी गेली."

पलीकडून असा हंबरडा आला की अद्वैत जागा झाला. भिकाबाई मान पुढे काढून ऐकत होत्या. चेहरा उजळला त्यांचा.

"रडला वो, काकू. खरंच रडला पोरगा!"

"थांब, थोडं अजून रडू दे. पुरतं व्हायला पाहिजे," म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.

"आता लगेच लावा आणि खरं सांगा," मी म्हटलं.

तेवढ्यात ब्रेक संपला. निवेदक हातात पाकीट घेऊन उभा.

"एवढा निकाल लागू दे," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, दमा जरा," भिकाबाईही म्हणाल्या. "ते यवतमाळचं पोरगं येतंय का बघू."

ते पाकीट! निवेदकानं ते हातात धरलं, छातीशी लावलं, आईबापांना रडायला वेळ दिला, पुन्हा ब्रेक घेतला, पुन्हा धरलं, असे दोन तास काढले. आमच्या घरात एक बाई मेलेली होती आणि तीच पाकिटाकडे डोळे लावून बसलेली होती. शेवटी मीच माझ्या फोनवरून वैजनाथला लावत राहिले. फोन बिझी. सांत्वनाचे फोन येत असणार त्याला. पुन्हा लावला, पुन्हा बिझी.

बाळापुरात तोवर वैजनाथनं मावशीचा फोटो हार घालून स्टेटसला ठेवला होता, आणि तो हरीशनं उचलला होता. 'जवळा बाजारच्या शेकडो लेकरांची माय हरपली.' धडाम धडाम.

यवतमाळचं पोरगं जिंकलं. भिकाबाई टाळ्या वाजवत असतानाच दारात जीप थांबली. वैजनाथ, त्याची बायको निता, मागे सात-आठ माणसं, एकाच्या हातात पांढरं कापड.

वैजनाथ उंबऱ्यातच थिजला. "मावशे, तू जित्ती हाय व्हय?"

"न्हाईतर काय? ये, बस. पाणी पी."

निता किंचाळली आणि पळत जीपमध्ये जाऊन बसली ती खाली उतरलीच नाही.

"काकू, तुमाला एक फोन लागंना का?" वैजनाथ ओरडला. "वाटंवर भर रस्त्यात गाडी थांबवून आमी रडलो."

"लावला ना रे! तुझाच बिझी लागत होता," सासूबाई म्हणाल्या. फोन मी लावला होता. पण या घरात श्रेय कुणाचं, ते रिमोट ठरवतो.

इथं हे हसून संपायला हवं होतं. आजवर असे निरोप हसूनच संपलेत. पण हरीशची चूक झाली होती, आणि चूक कबूल केली तर कोण बघणार? सकाळीच त्यानं दुसरी बातमी टाकली: 'चमत्कार! मृत आजी टीव्ही बघताना सापडली.' ती लाखांत गेली. ज्या बातमीबद्दल त्यानं पाय धरून माफी मागायला हवी होती, तिनं त्याला नवीन माइक मिळवून दिला.

लोक येऊ लागले. कुठून कुठून नारळ घेऊन. एक जण पायावर डोकं ठेवून विचारायला लागला, वर काय दिसलं? भिकाबाई म्हणाल्या, "सासू दिसली माझी." दुसऱ्याला बोअरला पाणी कुठं लागेल ते हवं होतं. तिसऱ्याला सोयाबीनचा भाव. त्या सगळ्यांना शिव्या देत होत्या, आणि लोक शिव्याही प्रसादासारख्या घेत होते.

ज्यांनी नारळ आणला नाही, ते लांब सरकले. बाजारपेठेतल्या बाळंतिणीच्या घरून निरोप आला, उद्यापासून येऊ नका. मग मारवाड्याच्या गल्लीतून. मग सगळीकडून. मेलेल्या हातात तान्हं लेकरू कोण देणार? मरण खोटं होतं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी. मी शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "खरं-खोटं देवाला माहीत, पण उगीच कशाला?" हे 'उगीच कशाला' मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की कुणाला शिक्षा द्यायची झाली तर या दोन शब्दांना द्यावी.

टीव्हीवर निदान बाहेर काढताना गळ्यात पडून रडतात. इथं नुसती दारं लागली.

आणि पहिलं दार आमचं. "आपल्याकडे नको," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू लहान आहे."

"आई, फोन तुम्ही केला होता."

"म्हणूनच म्हणते, बोभाटा वाढवू नको."

"त्या याच दारात बसून टाळ्या वाजवत होत्या. तुमच्या शेजारी!"

विष्णुपंत पेपरातून म्हणाले, "जाऊ दे ना, सूनबाई." विश्वजीतनं त्याचा आवाज लग्नातच वापरून संपवलाय. मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन भिकाबाईंना घेऊन आले आणि अद्वैतला त्यांच्या पायांवर घातलं. सासूबाई तुळशीजवळ जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. भिकाबाईंचे हात त्या दिवशी हलके पडत होते. रगडत नव्हत्या. मला ते बघवेना.

"रगडा की नेहमीसारखं," मी म्हटलं.

"तुमी बघून राहिल्या ना," त्या म्हणाल्या. एरवीच्या त्या असत्या तर आणखी जोरात रगडलं असतं.

तेवढ्यात हरीश अंगणात. हातात फोन, गळ्यात माइक, तोंडभर हसू.

"आजी, लॉटरी लागली तुमची! मुंबईचा शो हाय, 'अजब माणसं, गजब कला'. हिंगोलीला मंगल कार्यालयात निवड हाय. मी बोलून ठेवलंय."

"तिथं काय करायचं?" भिकाबाईंनी अद्वैतला पंच्यात गुंडाळत विचारलं.

"काही न्हाई. तिरडीवर निजायचं. परीक्षक रडतील, म्युझिक लागंल, मग उठायचं. बराबर?"

"तुझं बारसं झालं तवा तुला न्हाऊ कुणी घातलं व्हतं रे?"

"तुमीच की, आजी! ते बी सांगू आपण स्टेजवर. इमोशनल हुईल."

भिकाबाईंनी अद्वैत माझ्या हातात दिला, तेलाची वाटी उचलली आणि नेम धरून मारली. वाटी त्याच्या कपाळाला लागली, तेल माइकमध्ये गेलं. लग्नानंतर या घरात मी पहिल्यांदा इतकी मोठ्यानं हसले. संध्याकाळी तिसरी बातमी आली: 'चमत्कारी आजी कोपली, पत्रकारावर हल्ला.' खाली लोकांनी लिहिलं होतं, अंगात आलंय, बांधून ठेवा.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत भिकाबाई खोलीला कुलूप लावून आखाडा बाळापूरला गेल्या, वैजनाथकडे. माझ्या हातात वेखंडाची पुडी दिली, म्हणाल्या, "कानात तेल नगा घालू. खूश?" त्यांनी माझं ऐकलेलं मला मुळीच नको होतं.

तेव्हापासून त्यांचा फोन बंद. वैजनाथला लावला की तो म्हणतो, "हाय, बरी हाय," इतक्या घाईनं की मला घाबरायला होतं. शेवटी एका रविवारी विश्वजीतला उठवलं, अद्वैतला घेतलं आणि बाळापूरला गेले. निता दारात आडवी उभी राहिली. "झोपल्यात त्या." सकाळी अकरा वाजता! आणि भिकाबाई कधी दिवसा झोपल्याचं मला माहीत नाही. मागे गोठ्याला लागून पत्र्याची खोली दिसली, बाहेरून कडी घातलेली. खिडकीशी एक ताट, त्यात भाकरी तशीच. मी त्या बाजूला निघाले तर निता म्हणाली, "तुमच्याच घरचा फोन आला व्हता ना? मंग आता काहून आल्या? आमच्या घरात बी लहान लेकरं हाईत." वैजनाथ अंगणात खाली मान घालून उभा होता. मी "भिकाबाई!" म्हणून जोरात हाक मारली. आतून काही आलं नाही. का, ते मला माहीत नाही, आणि रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. परत येऊन पोलीस पाटलांना फोन केला, ते म्हणाले घरगुती मामला आहे, बघतो. बघितलं की नाही, सांगायला तयार नाहीत.

आमच्या घरच्या माणसाला त्या दारातून आत घेणार नाहीत आता. तुम्ही जाऊ शकता. तुम्ही फोन केला नव्हता. बाळापुरात तुमचं कुणी असेल, बाजाराला जाणार असाल, तर मोठ्या रस्त्यावरून डाव्या हाताला वैजनाथचं घर विचारा, कुणीही दाखवेल, बातमीतली आजी म्हटलं की. बाळंतीण आहे घरी, न्हाऊ घालायला बाई पाहिजे, असं सांगा. खोलीपर्यंत जा. कडी स्वतः काढा. त्या शिव्या देतील. दिल्या तर मला लगेच कळवा, आणि नाही दिल्या तर त्याहून लवकर कळवा.