अथेन्सच्या मागावरचे एक वजन

मित्रांनो, अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या एका लहान संग्रहालयात योद्ध्यांच्या ढाली ओलांडून पुढे गेलात, की कोपऱ्यातल्या कपाटात पेरूएवढा मातीचा एक गोळा दिसेल. वर निमुळता, खाली रुंद, टोकाशी आरपार भोक. तो मी. ढालींपुढे गर्दी असते; माझ्यापाशी क्वचितच कोणी थांबते.

माझा जन्म प्राचीन अथेन्समधल्या एका अंगणात झाला. आईने माती मळली आणि मुलीने माझ्या ओल्या अंगावर आपल्या वस्त्राची टाचणी दाबून खूण केली. मग मी भट्टीत भाजून निघालो. आमच्याकडचा माग उभा असे. वरच्या दांडीवरून सोडलेल्या धाग्यांच्या जुड्यांच्या खालच्या टोकांना आम्हा वजनांना बांधत, म्हणजे धागे ताठ राहत. आम्ही ओळीने लटकत असू आणि वाऱ्याने एकमेकांवर टकटक वाजत असू. एकट्या वजनाचा मागाला काहीच उपयोग नसतो.

मुलगी वयात येताच वडिलांनी तिचे लग्न ठरवले. नवरा तिने आधी पाहिलाही नव्हता. तो मनाने बरा निघाला, एवढेच तिचे सुदैव. आम्ही तिच्याबरोबर सासरी गेलो. तिचे दिवस आतल्या खोल्यांत जात. परके पुरुष तिचे नाव घेत नसत. ती आधी अमक्याची मुलगी होती, आता तमक्याची बायको झाली. तिला मुलगी झाली, तेव्हा तिने मागावर लहानसे पांघरूण विणायला घेतले.

तेवढ्यात तिचे वडील वारले. तिला भाऊ नव्हता. अशा मुलीने वडिलांच्या जवळच्या नातलगाशी लग्न करावे, म्हणजे मालमत्ता कुळातच राहते, असा तिथला कायदा होता. ती विवाहित असली, तरी तो नातलग तिला मागू शके. तिला मुलगा झालेला असता तर कदाचित ती सुटली असती. सर्वांत जवळचा नातलग तिचा काकाच होता; तो तिला बायको म्हणून न्यायला आला.

"काका, मला इथेच राहू द्या," ती दाराआडून म्हणाली.

काका तिच्या नवऱ्याकडे वळला. "तुझ्या घरी बायका मध्येच बोलतात वाटतं?"

"लेकरू अजून अंगावर पितंय," नवरा म्हणाला. "निदान वर्षभर तरी..."

"लेकरू तुझं, तू ठेव. भावाची मुलगी आमची. कायदा काही मी केलेला नाही."

म्हाताऱ्या दाईला राहवले नाही. "पोरीला एकदा विचारा तरी!"

काका मोठ्याने हसला. "शेताला विचारून शेत घेतात का?"

नवरा दारातून बाजूला झाला. ती गेली. बाळ दाईच्या कडेवर रडत राहिले. अर्धे पांघरूण आम्ही बरेच दिवस ताणून धरले. शेवटी दाईने धागे कापले आणि आम्ही विखुरलो. पुढे मी मातीखाली गेलो, उत्खननात सापडलो आणि समुद्र ओलांडून इथे आलो. माझ्या सोबतीची वजने कुठे गेली, ठाऊक नाही.

गेल्या रविवारी यशोधन नावाचे गृहस्थ पत्नी इला आणि मुलगी आन्या यांच्यासह आले. कपाटाशेजारी मुलांसाठी नमुन्याचा एक माग आहे. तिथल्या कार्यकर्त्या सुवर्णाकाकूंनी आन्याला विचारले, "काय गं, समर कॅम्पला विणायला येशील?"

"नाही हो, तिला कोडिंगला टाकलंय," यशोधन म्हणाले. "ऑलरेडी रजिस्टर केलंय."

"बाबा, शी आस्क्ड मी!"

इला हसल्या. "घ्या! आता थांबा जरा."

यशोधन ओशाळून थांबले. आन्याने एक धागा बोटाने ओढून पाहिला. "आय डोन्ट नो येट," ती म्हणाली. त्यावर कोणीही रागावले नाही.

मित्रांनो, माझ्या मालकिणीला कोणी विचारले असते, तर तिचे उत्तर तयार होते. ते ऐकायला कोणी थांबले नाही. ती नव्या घरी कोणत्या मागावर बसली, तिने लेकीला पुन्हा कधी पाहिले का, हे मला कधीच कळणार नाही. इथे माझ्यासाठी हवेतला ओलावा मोजतात, मला हातमोजे घालून उचलतात. मी भाजलेली माती आहे. मला एवढ्या काळजीची गरज नाही. ती तुमच्या घरातल्या मुलींसाठी ठेवा. त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.