मुळांवरची गोचीड

हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी मी जावेला दाखवल्या, ही माझीच चूक. जगदेवीच्या पोटात काही राहत नाही. दिवे लागायच्या आत गोष्ट थोरल्या दिरांच्या, बब्रुवानभावजींच्या, कानावर गेली आणि सकाळी ते वखर जुंपून माझ्या बांधावर हजर.

आम्ही ईट गावचे धनगर. दसरा झाला की माझा नवरा, बिराप्पा, मेंढरं घेऊन लांब चरायला जातो आणि मागं दोन एकर रान माझ्या हाती राहतं. बासष्ट साली शेतकी खात्याच्या माणसानं दिलेली काळी भुकटी मी निम्म्या बियाण्याला चोळून पेरली होती; उरलेलं नेहमीसारखं पेरलं. भुकटीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते मुळाला बिलगून गाठी करतात, हवेतलं खत झाडाला देतात आणि झाड त्यांना आपला रस पाजतं, असं त्यानं सांगितलं होतं. मला ते पटलं होतं.

बब्रुवानभावजींना जनावर कळतं, पीक कमी. त्यांनी एक गाठ नखानं फोडली. आत लाल निघालं.

"गोचीड हाय ही," ते म्हणाले. "रगात पिऊन फुगलीय. माझ्या रानात शिरायच्या आधी समदं मोडून टाकतो."

मला हसू आलं आणि रागही आला. घरची वर्षाची डाळ त्या रानात उभी होती. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बैलांपुढं जाऊन उभी राहिले.

"भावजी, गोचिडीनं खाल्लेलं मेंढरू तुमी लांबनं वळखता. या रानातलं तसं झाड दावा. एकच दावा."

ते तावातावानं सगळं रान फिरले आणि एका पिवळ्या, खुरटलेल्या झाडापाशी थांबले. ते भुकटी न लावलेल्या निम्म्यात होतं. मी खुरप्यानं मातीसकट काढून मूळ घागरीतल्या पाण्यानं धुतलं. दोनच गाठी, त्याही आतून पांढऱ्या. मग म्हटलं, आता सगळ्यांत धष्टपुष्ट झाड निवडा. ते आपणहून दुसऱ्या निम्म्यात गेले. त्या मुळाला गाठीच गाठी, फोडावी ती लाल.

भावजींनी उकिडवं बसून दोन्ही मुळं शेजारी ठेवून पाहिली. माझ्यावर नाही, पण स्वतःच्या नजरेवर त्यांचा विश्वास होता. उठून त्यांनी बैल वळवले.

"बिराप्पाला सांगू नगंस," ते हळूच म्हणाले.

"न्हाय सांगत," मी म्हणाले.

चैत्रात नवरा परतला, त्याच दिवशी त्याला जेवायला वाढता वाढता सगळं सांगितलं. रान मी राखलं होतं. ते माझ्या माणसाला कळायला नको?