कोऱ्या वेफरचा आकडा

चूक माझीच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद म्हणायला नको.

मी प्रयोगशाळेत गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचे थर वाढवते. हवा उपसून काढलेल्या पोलादी टाकीत गोल वेफर, म्हणजे पातळ चकती, तापवायची आणि तिच्यावर अणूंचा पातळ थर सावकाश चढू द्यायचा. पुढे त्याचे ट्रान्झिस्टर होतात. बाबा सगळ्यांना सांगतात, "पोरगी वेफर करते, चिप्स करते, पण घरात एक पुडा आणेल तर शपथ."

थरातून वीज किती सहज धावते हे मोजायचं, तर खालची वेफर वीज अडवणारी हवी. नाहीतर मीटर थराचं सोडून वेफरचंच सांगत बसतो. कपाटात वीज अडवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या, दोन्ही जातींचे डबे शेजारीशेजारी असतात, दिसायला जुळे. फरक फक्त लेबलावरच्या एका ओळीचा. मी भलत्याच डब्यात हात घातला.

आकडा आला तो नेहमीच्या कितीतरी वर. प्रयोगशाळेच्या साहेबांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी एका कारखान्याच्या पाहुण्यांना बोलावणं धाडलं आणि माझ्या नोकरीचा कागद तयार केला. सात वर्षं माझी मुदत दरवर्षी संपते आणि वाढते. या वेळी कागदावर 'कायम' असं लिहिलं होतं. जुनी मुदत पाहुण्यांच्याच दिवशी संपत होती. सही ते गेल्यावर.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी कपाट आवरताना मला मी उघडलेल्या डब्याचं लेबल दिसलं. तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच, पहिल्यांदा."

"मग शेवटचंही मलाच. पाहुणे जाऊ देत, नंतर निवांत दुरुस्त करू."

"या आकड्यावर ते कारखान्याची आखणी करणार आहेत."

"चूक तुझी आहे, विसरू नकोस."

"नाही विसरत. म्हणून तर ती तुम्हाला वापरू देणार नाही."

घरी बाबांना सांगितलं, नोकरी जाईल. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तोंड पाडून काय बसलीस? सकाळी लवकर जायचंय ना तुला?" मला रडू आलं आणि रागही आला, साहेबांचा आणि माझा स्वतःचाही.

सकाळी दहाला पाहुणे मोजणीच्या खोलीत जमले. साहेब आकडा सांगत होते, तेवढ्यात मी नखाएवढा एक तुकडा, चारही कोपऱ्यांना तारा चिकटवायला इंडियम या मऊ धातूचे ठिपके लावलेला, मीटरला जोडला. पडद्यावर जवळपास तोच आकडा उमटला.

"हा कुठला थर?" पाहुण्यांतल्या बाईंनी विचारलं.

"थर नाहीच. ही कोरी वेफर आहे. वीज हिच्यातूनच धावत होती. त्या दिवशी चुकीचा डबा उघडला गेला. मी उघडला."

साहेब कसनुसं हसले. "हिची मुदत आज संपतेय. मनावर घेऊ नका."

बाई माझ्याकडेच बघत होत्या. "मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही. पहाटे येऊन बरोबर वेफर टाकीत चढवलीय. चारला निघेल, पाचपर्यंत मोजून देते. कमीच येईल."

"कुणाला विचारून चढवलीस?" साहेबांचा आवाज चढला. "तो कागद मी आत्ताच्या आत्ता फाडतो."

"फाडा," मी म्हटलं आणि बाईंसाठी स्टूल पुढे ओढलं. "माझी मुदत सहापर्यंत आहे."