डाव्या दारावरचा ओरखडा

गाडी शेडमध्ये शिरताना आचके देत बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि पाण्याच्या पिंपाला नाक लावायच्या बेतात असताना कशीबशी थांबली. आतून एक तरुण मुलगी उतरली. घामाघूम झाली होती. तिने आधी पिंपाकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या बाईकडे, आणि अजून शिकतेय, असं ओशाळून सांगितलं.

बाईने हसून मान हलवली. गाड्यांच्या रंगाला पॉलिश करायचं हे दुकान तिचं होतं. आजूबाजूचे सगळे तिला पॉलिशताई म्हणत. दुकान मुळात वडिलांचं. पण ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून मशीन तिच्या हातात आलं ते आलंच. नव्या गिऱ्हाइकांना तर वाटायचं, ही बाई शेडबरोबरच इथे उभी केली असणार.

गाडी एके काळी निळी असावी. टपावर पक्ष्यांची घाण वाळून रंगात उतरली होती, काचेच्या कडेला झाडाचा चीक घट्ट बसला होता. ताईने ओल्या फडक्याने बॉनेटचा हातभर तुकडा पुसला आणि वर टॉर्च धरला. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल गोल बारीक चरे उमटले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. दारांवरही तेच. टप मात्र नुसताच मळलेला होता, त्यावर जाळी नव्हती. म्हणजे कुणीतरी ही गाडी पुसत होतं, पण हात पोचेल तेवढीच, आणि फडक्यातल्या मातीसकट.

"कोण पुसतं ही?" तिने विचारलं.

"बाबा. रोज सकाळी. त्यांना दिसत नाही ना, फडकं जमिनीवर पडलं तरी तेच उचलून पुसतात. सांगून उपयोग नाही."

मग मुलीने तिला गाडीच्या पलीकडे नेलं. डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर एक लांब ओरखडा होता, मुठीपासून थेट दाराच्या पुढच्या कडेपर्यंत. ताईने त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. नख अडकतं ते नुसत्या पॉलिशने जात नाही, हे ती गिऱ्हाइकांना सांगत आली होती. इथे तर रंग खरवडून आतला राखाडी थर वर आला होता.

मुलीने सांगितलं ते असं. बापाच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता, पण त्याने ते घरात कुणाला कळू दिलं नाही. बाजूचं दिसेनासं झालं तरी तो गाडी चालवत राहिला. एक दिवस स्वतःच्याच फाटकातून आत येताना दार खांबाला घासलं. रोजचं फाटक, रोजचा खांब. तो खाली उतरला, ओरखड्यावर हात ठेवून उभा राहिला आणि किल्ली मुलीच्या आईच्या हातात दिली. त्यानंतर तो चाकामागे बसला नाही. गाडी झाडाखाली उभी राहिली. ती पुसून झाली की तो रोज त्या ओरखड्यावरून बोट फिरवतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग घरात येऊन कितीतरी वेळ कुणाशी बोलत नाही.

"आई म्हणते, विकून टाका, उगाच जागा अडवते," मुलगी म्हणाली. "पण मी चालवायला शिकले. म्हटलं, आपणच बाबांना फिरवू. तर म्हणाले, आधी रंगाचं काम कर. अशा तोंडाने गाडी रस्त्यावर काढायची नाही."

"इथं कुणी पाठवलं?"

"त्यांनीच. घरापासून लांब पडतं हे, पण म्हणाले, त्याच शेडमध्ये ने. पूर्वी ते डॉक्टरीणबाईंकडे ड्रायव्हर होते. बाईंनी दवाखाना बंद केला, तेव्हा गाडी त्यांनाच देऊन टाकली, मग आम्ही त्या शहरातून इकडे राहायला आलो. आणि म्हणाले, दुकानात कोण बसतं ते बघून ये."

ताईने टॉर्च बंद केला. मुलीच्या कपाळाकडे, भुवयांकडे तिने आता नीट पाहिलं. मग गाडीकडे. आपण ही गाडी ओळखली नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

डॉक्टरीणबाईंची निळी गाडी दर महिन्याला दुकानात यायची. नवी कोरी होती तेव्हा तिला पॉलिशची काही गरज नव्हती, आणि ताईचे वडील ते सांगायचेही. पण ड्रायव्हर म्हणायचा, बाईंना गाडी चकचकीत लागते. बाईंना गाडीचा रंग कोणता हे तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. तो यायचा, उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसायचा आणि रस्त्यांबद्दल बोलायचा. कुठे दोन्ही बाजूंची झाडं वर जाऊन एकमेकांना भिडतात, कुठे वळण संपताच अचानक समुद्र समोर येतो. ताई फडकी पिळत ऐकायची. ती गावाबाहेर फारशी कधी गेलीच नव्हती. वडील मशीनच्या आवाजातून ओरडायचे, अरे, गाडीला तोंड असतं तर तिनेसुद्धा एवढी बडबड केली नसती. तो हसायचा आणि पुढे बोलत राहायचा.

पुढे वडील शेडमध्येच घसरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी दवाखाना दुसऱ्या शहरात हलवायचं ठरवलं. जाण्याआधी तो दुकानात आला. त्या दिवशी मशीन ताईच्या हातात होतं, नुकतंच घेतलेलं, आणि ते तिला ओढत नेत होतं. त्याने तिला सरळ विचारलं, तिकडे येशील का, वडिलांनाही घेऊन जाऊ. ती म्हणाली, त्यांना कूससुद्धा बदलता येत नाही, एवढ्या लांब कसं न्यायचं. जरा बरे होऊ देत. तो म्हणाला, मी थांबतो. आणि थांबलाही, कुणी थांबावं त्याच्यापेक्षा जास्तच. पण वडील बरे झाले नाहीत आणि गेलेही नाहीत. वर्षांमागून वर्षं ते तसेच पडून राहिले. त्याच्या लग्नाची बातमी तिला शेजारच्या पंक्चरवाल्याकडून कळली. तेव्हा ती वडिलांना भरवत होती. घास तिने खाली पडू दिला नाही.

तिने मुलीला सांगितलं, गाडी ठेवून जा. आठवडा लागेल.

आधी तिने गाडी धुतली, मग पुन्हा धुतली. ओल्या चिकणमातीसारखी एक वडी असते, ती पाण्यात भिजवून रंगावर फिरवली की रुतून बसलेली घाण निघून येते. वडी काळी पडली की ती दुमडून घ्यायची. झाडाचा चीक सोडवण्यातच एक अख्खी सकाळ गेली. दारांच्या कडांना, रबरांना कागदी पट्टी लावली आणि मग मशीन घेतलं. नवशिके जोर लावतात, रंग तापवतात, आणि जुने चरे घालवताना नवे पाडतात. ताईचा हात आता जड होता, पण दाबत नव्हता. स्पंजावर पॉलिशच्या मसाल्याचे थेंब, मशीन हळू, एका रेघेत पुढे, अर्ध्यावर अर्धं ठेवत मागे. पुसायचं, टॉर्च धरायचा, पाहायचं. जाळी विरळ होत गेली. तिच्याखालून तो जुना निळा वर यायला लागला, संध्याकाळ पुरती संपायच्या आधीचा असतो तसा.

पंक्चरवाला येऊन बघून गेला. कुणा मंत्र्याची आहे का, म्हणाला. एवढी तर तू स्वतःच्या घरची भांडीही घासत नसशील. ताईने त्याला हवा तपासायचं यंत्र परत द्यायची आठवण केली, तेव्हा तो गेला.

ओरखड्याला तिने शेवटी हात घातला. खरं तर पूर्ण दार नव्याने रंगवायला हवं होतं. पण मग दार वेगळं आणि गाडी वेगळी दिसते. तिने जुळता निळा मिसळला आणि बारीक कुंचल्याने तो ओरखड्यात भरला. वाळू दिला. पुन्हा भरला. रंग आक्रसून खाली बसायचा, म्हणून पुन्हा. मग पाण्यात भिजवलेला अगदी बारीक पॉलिश पेपर घेऊन घासत बसली. डोळ्याला ती रेघ अजून दिसत होती, उजेडात तिरकं पाहिलं की पुसट, केसासारखी. ती राहणारच होती. तिने डोळे मिटले आणि बोट फिरवलं. मुठीशेजारी जरा खरखर लागली. तिथे घासलं. पुन्हा डोळे मिटले. मधेच एक उंचवटा, तोही घासला. नेहमी टॉर्चने होणारं काम तिने त्या दिवशी बोटाने केलं. दुपारी कधीतरी डोळे मिटून दारावरून हात फिरवताना तो रोज सकाळी कसा उभा राहत असेल, कोणत्या पायावर भार देत असेल, हे तिला एकदम दिसलं, आणि ती तशीच थोडा वेळ बसून राहिली. मग उठून पेपर धुतला.

गाडी न्यायच्या दिवशी दुकान उघडण्याआधी तिने हात साबणाने चोळून धुतले. भिंतीवरच्या आरशात पाहून केस नीट केले आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, तो आला तरी त्याला हे दिसणार नाही. स्वतःशीच हसू आलं. पण केस तिने तसेच राहू दिले.

मुलीचा हात धरून तो आला. अंगाने सुकला होता, पण पाठ ताठ होती. शेडच्या तोंडाशी तो थांबला आणि त्याने खोल श्वास घेतला. मसाल्याचा वास तोच आहे, म्हणाला. ताईने बरे आहात ना, असं विचारलं. बरा आहे, तुम्ही बऱ्या ना, असं त्याने विचारलं. दोघांचंही 'तुम्ही' जरा अडखळत आलं.

मुलीने त्याला डाव्या दारापाशी नेलं. त्याने मूठ शोधली आणि तिथून बोट निघालं. दाराच्या कडेपर्यंत गेलं. परत मुठीशी आलं. या वेळी हळू. मग जरा वर, जरा खाली. तो वाकला, तळहात टेकवून पाहिला, पुन्हा बोट फिरवलं.

"कुठं होता गं तो?" त्याने मुलीला विचारलं.

मुलगी त्याच जागेकडे पाहत होती. उजेड तिरका पडला होता आणि केसाएवढी रेघ तिला दिसत असणार, हे ताईला कळत होतं. मुलीने ताईकडे पाहिलं.

"होता इथंच कुठंतरी," मुलगी म्हणाली. "आता मलाही सापडत नाही, बाबा."

त्याने हात खाली घेतला. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तेवढ्यात पंक्चरवाल्याने बाहेरून हाक मारली, चाकांत हवा भरून देतो, पाइप पोचत नाही तो ओढायला ये म्हणून. मुलगी गेली.

तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता. ताई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"चांगली झालीय."

"असं नाही. नीट सांग. काय काय दिसतंय त्यात?"

तिने खाली पाहिलं. "शेडचा पत्रा दिसतोय. दिवे. बाहेरचं थोडं आभाळ. तुम्ही."

"म्हातारा झालोय?"

"केस सगळे पांढरे झालेत. बाकी तसंच आहे."

"आणि तू?"

त्याचा चेहरा तिच्याकडे वळला नव्हता. तो सरळ समोर बघत असल्यासारखा उभा होता, गाडी चालवताना बघायचा तसा.

"मी आहे ना," ती म्हणाली. "बाजूलाच आहे."

त्याने मान हलवली. पाइप ओढत मुलगी आत आली, चाकांत हवा भरली गेली. निघताना मुलीने आग्रह केला, मावशी, बसा ना, पुढच्या चौकापर्यंत एक चक्कर मारू, सोडते परत. ताईने मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. तिचं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं, आणि ते खरंही होतं. तो डाव्या दारातून आत बसला. दार त्याने जोराने आपटलं नाही. हळू ओढून घेतलं.

गाडी एक आचका देऊन बाहेर पडली. रस्त्यावर गर्दी नव्हती. मुलगी अगदी सावकाश चालवत होती, आणि ऊन त्या निळ्या टपावरून घसरत चाललं होतं. ताई फडकं हातात घेऊन शेडच्या तोंडाशी उभी होती. पुढे डावीकडे वळण होतं. ते यायच्या जरा आधीच गाडीच्या डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि पूर्ण लांब, ताठ, जमिनीला समांतर असा धरला गेला. मागून येणाऱ्याला वळायचा इशारा देतात तसा. मागे कुणी नव्हतं. गाडी वळली, दिसेनाशी झाली, तोवर तो हात तसाच होता.