डावीकडचं आभाळ

फोटोच्या डाव्या कडेपासून दीड इंच आत येईपर्यंत आभाळ काळपट होतं. तिथून ते फिकट होत जाई आणि ढाकच्या डोंगरावर पोचेपर्यंत सारखं राखाडी होऊन जाई. जयाने पट्टी लावून मोजलं. गेल्या महिन्यातल्या फोटोंतही हा पट्टा एवढ्याच रुंदीचा होता.

कर्जत स्टेशनाजवळच्या त्या स्टुडिओत कॅमेरा तिच्या थोरल्या भावाच्या, सहदेवच्या गळ्यात असे. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याचं आणि कागदावर फोटो उतरवण्याचं काम बारा वर्षं जयाचं. काळपट भाग उजळायचा तर दिव्याखाली तेवढ्या जागेवर तळहात धरून प्रकाश अडवायचा, आणि हात सतत हलता ठेवायचा; थांबला की त्याची कड उमटते. दोन वर्षं ती हेच करत होती. पट्टा फिका पडे, पुरता जात नसे. फिल्म धुण्याच्या औषधाने तिची नखं मात्र काळी झाली होती.

"हिच्या हातातच खोट आहे," सहदेव गिऱ्हाइकांना सांगे. बिघडलेले फोटो त्याने दर्शनी भिंतीवर टांगले होते, खाली जयाचं नाव घालून. नेरळचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हाही त्याने हसत तिची बोटं पुढे ओढली. "आधीच बघून घ्या. मागाहून तक्रार नको." पाहुण्यांनी चहा संपवला. पुन्हा त्यांचा निरोप आला नाही.

खोपोलीच्या एका दवाखान्यातून एक्स-रे धुण्याच्या कामाचं पत्र येऊन सात आठवडे झाले होते. येत्या सोमवारी हजर झालं नाही, तर जागा दुसऱ्याला. आपण गेलो तर पट्टा फिका करायला कुणी उरणार नाही, दादाचे फोटो उघडे पडतील, या दयेपोटी जयाने उत्तर धाडलं नव्हतं.

तिने हात न धरता दिव्याखाली निगेटिव्ह उलटी फिरवून घातली. पट्टा उजवीकडे आला; म्हणजे तो निगेटिव्हमध्येच होता, दिवा आणि हात दोन्ही दोषातून सुटले. राहिला उन्हाचा प्रश्न: ते एका अंगाने कमी पडत असेल का? सहदेव जेवायला गेला असताना तिने चुन्याच्या भिंतीवर टांगलेल्या छत्रीचे दोन फोटो घेतले, एक कॅमेरा सरळ धरून, एक उलटा. एकात पट्टा छत्रीच्या डाव्या अंगाला, दुसऱ्यात उजव्या. प्रकाश आत सोडणारा कॅमेऱ्याचा पडदाच एका कडेला लवकर मिटत होता.

दोन्ही फोटो तिने भावापुढे ठेवले.

"ठाऊक आहे," सहदेव म्हणाला. "दुरुस्तीवाल्याने दोन वर्षांमागेच सांगितलं."

"मग दिला का नाहीस दुरुस्तीला?"

"महिनाभर तिकडे पडला असता. लग्नसराई होती. आणि तुझा हात होताच की."

"भिंतीवर माझं नाव कशाला मग?"

"कुणाचं तरी घालायला हवं. पाटीवर माझं आहे."

शनिवारी पोपटशेट आपल्या लॉजच्या जेवणघरासाठी सांगितलेला ढाकचा मोठा फोटो न्यायला आले. जयाने तो आणून टेबलावर पसरला.

"हे काय रं सहदेव? अर्धं आभाळ करपलंय की."

"तिचे हात, शेट. काय करू?"

"जया, लगीन नाय झालं त्याचा राग माज्या डोंगरावर काढलास व्हय गं?"

दोघेही हसले.

"याला मी हात धरलाच नाही, पोपटशेट," जया म्हणाली. "दादाने काढला तसाच्या तसा आहे." तिने छत्रीचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि पट्टा बोटाने दाखवला.

सहदेवचं हसू विरलं. "जये, आत जा. दुसरा काढून आण. नीट हात धरून."

"म्हंजे हिच्या हातानं नीट व्हतंय?" शेटनी विचारलं. त्यांनी एकदा भिंतीवरच्या टांगलेल्या फोटोंकडे पाहिलं, मग सहदेवकडे.

"जये," सहदेव खालच्या आवाजात म्हणाला, "शेट थांबलेत. जा ना."

"सोमवारपासून मी खोपोलीला एक्स-रे धुवायला जाणार आहे, दादा."